दोन प्रतींचा माणूस

मास्टरजींनी कागद कधी एका हाताने दिला नाही. दोन्ही हातांनी पुढे करायचे, एकाखाली एक अशा दोन प्रती, आणि खालच्या प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवायचे. ‘साहेब, इथे. तेवढी पोच.’ मी शिक्का मारला, सही केली, तारीख टाकली की ते प्रत उचलून शाईवर फुंकर घालायचे, ती प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचे आणि मगच ‘नमस्ते’ म्हणायचे. म्हणजे नमस्कार शेवटी. आधी पोच.

मी पोलीस खात्यात हवालदार होतो. नोकरीची शेवटची नऊ वर्षं काळेवाडीच्या बाजूच्या एका ठाण्यात परदेशी नागरिकांचं टेबल माझ्याकडे होतं. परदेशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चाकणच्या कंपन्यांत येणारे गोरे इंजिनियर येत असतील. ते असायचे, पण त्यांचे कागद कंपनीचा माणूस घेऊन यायचा. माझ्या बाकावर तासन्‌तास बसायचे ते सिंधमधून आलेले हिंदू. बोलणं-चालणं, देवधर्म सगळं इथल्या नातेवाइकांसारखंच, फक्त पासपोर्ट तिकडचा. त्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळायचा. तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा, सलग सात वर्षं इथे काढायची आणि मग नागरिकत्वाचा अर्ज करायचा. तोवर नेमून दिलेल्या शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी काढायची.

मास्टरजी म्हणजे शाळामास्तर नव्हेत, कटिंग मास्टर. पिंपरीच्या बाजारात एका रेडिमेडच्या दुकानामागे ते दिवसभर कापड बेतायचे. बायको तिकडेच वारली, तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीचा हात धरून ते इकडे आले. मुलीचं नाव पूनम. काळेवाडीत एका जुन्या गावकऱ्याच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली आणि इथे होते तोवर तिथेच राहिले.

त्यांचं हे पोचेचं वेड आमच्या ठाण्यात चेष्टेचा विषय होता. दुसऱ्या टेबलावरचे लोक म्हणायचे, ‘मास्टरजींना चहा दिला तर कपाचीसुद्धा पोच मागतील.’ एका दिवाळीला ते मिठाईचा बॉक्स घेऊन आले आणि बरोबर अर्ज. ‘विषय : मिठाई स्वीकारण्याबाबत.’ दोन प्रतींत. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘साहेब, उद्या कोणी म्हणालं की ह्याने लाच दिली, तर?’ मी बॉक्स घेतला नाही, पण अर्जावर ‘परत केली’ असा शेरा मारून दिला. तो कागदही पिशवीत गेला.

माझ्या बायकोने त्यांच्याकडून एकदा ब्लाऊज बेतून घेतलं. मापं लिहिलेल्या चिठ्ठीवर त्यांनी तिची सही घेतली. घरी येऊन ती मला म्हणाली, ‘अहो, तुमच्या खात्यात घ्या त्यांना, साहेब होतील.’

हसण्यासारखंच होतं सगळं, पण एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. माझ्या आधी त्या टेबलावर दुसरे एक गृहस्थ होते. मास्टरजींना इथे येऊन दोन वर्षं झाली होती, व्हिसा वाढवायचे कागद त्यांनी वेळेत आणून दिले. त्या साहेबांनी कागद घेतले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि तोंडी सांगितलं, ‘झालं तुमचं काम, जा.’ पुढे कागद कुठे गेले ते देवाला ठाऊक. चार महिन्यांनी चौकशी आली की ह्या दोघांची मुदत संपलेली आहे. ‘दिले होते’ म्हणायला हातात काही नाही. व्हिसा नव्याने मिळाला खरा, पण सलग राहण्यात खंड पडला. सात वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

‘माझी दोन वर्षं गेली त्याचं काही नाही, साहेब,’ ते म्हणाले. ‘माझ्या मुलीची गेली.’

तेव्हापासून तोंडी शब्दावर त्यांनी कधी पाय उचलला नाही. त्यांच्याबरोबरचे इतर लोक उल्हासनगरला लग्नाला जाऊन यायचे, शिर्डीला जाऊन यायचे, कोणी विचारत नव्हतं. आम्हालाही ते दिसायचं आणि आम्ही बघत नव्हतो. मास्टरजी मात्र शहराची शीव ओलांडायचे नाहीत. मोशीच्या पुढे नदीचा पूल आहे, तिथून पलीकडे त्यांच्या लेखी परदेशच. दुकानाच्या मालकाने चाकणच्या एका कंपनीचं गणवेशाचं काम घेतलं, तेव्हा मापं घ्यायला जायचं होतं. हे पुलाच्या अलीकडे एका टपरीपाशी टेप घेऊन बसले आणि कंपनीचे कामगार रिक्षाने तिथे येऊन मापं देऊन गेले. मालक चिडला. हे म्हणाले, ‘माझी मोजणी चालू आहे, शेठ.’

पूनमही बापासोबत मोठी झाली, पण बापासारखी नव्हती. खळखळून हसायची. दर वर्षी मी घरी चौकशीला जायचो. दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे असायचे. मास्टरजींनी शेजाऱ्यांसाठी दोन खुर्च्या आधीच मांडून ठेवलेल्या असायच्या. पूनम चहा आणताना मला म्हणायची, ‘काका, ह्या वर्षी लिहा ना, मुलगी दिलेल्या पत्त्यावर नीट अभ्यास करते.’ मराठी तिची माझ्या मुलांपेक्षा चांगली होती. कारण माझ्या मुलांची मराठी इंग्रजी शाळेने खाल्ली आणि ही महापालिकेच्या शाळेत शिकलेली.

सात वर्षं भरली त्याच महिन्यात मास्टरजींनी दोघांचे नागरिकत्वाचे अर्ज भरले. मग पूनमला चाकणचं स्थळ आलं. सिंध्यांचंच घर, स्टीलच्या भांड्यांचं दुकान, मुलगा शांत. मुलगी चाकणला द्यायची म्हणजे तिचा राहण्याचा पत्ता चाकणला बदलून मिळायला हवा. मास्टरजींनी आधी तो अर्ज केला आणि मंजुरी येईपर्यंत साखरपुडासुद्धा होऊ दिला नाही. चार महिने लागले. लग्नाची तारीख भटजींनी नाही, आमच्या टेबलाने काढली, असं आम्ही म्हणायचो. पत्रिका द्यायला आले तेव्हा दोन आणल्या होत्या. एक मला, आणि एकीवर पोच. मी दिली. त्या एका शिक्क्याच्या वेळी ते हसले.

लग्न पिंपरीतल्या हॉलमध्ये झालं. पाठवणीला ते गाडीपर्यंत आले. गाडी गेल्यावर बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. त्यानंतर लेकीचं सासर वीस-बावीस किलोमीटरवर आणि ह्या माणसाने ते पाहिलेलं नाही, स्वतःसाठी त्यांनी कधी परवानगीच मागितली नाही. सणासुदीला ती परवानगी काढून यायची, तिची फाइल आमच्याच टेबलावर राहिली होती; नाहीतर मोबाइलवर एकमेकांची तोंडं बघायची.

आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. इथून पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पूनमच्या लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा वरून एक परिपत्रक आलं. अशा लोकांना ज्या राज्यात राहतात त्या राज्यात कुठेही फिरायला मोकळीक. परवानगीची गरज नाही. मी वाचलं, आवकला नोंद केली आणि फाइलला लावलं. पुढच्या वेळी मास्टरजी आले तेव्हा सांगितलंही. ‘मास्टरजी, सुटलात. आता महाराष्ट्रभर फिरा.’

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, ‘लेखी आहे, साहेब?’

‘आहे ना, फाइलला लावलंय.’

‘त्याची एक प्रत मिळेल?’

‘ते खात्याचं पत्र आहे. पब्लिकला देत नसतात.’

असा काही नियम नव्हता. पत्रावर कुठे गोपनीय लिहिलेलं नव्हतं. झेरॉक्सचं मशीन माझ्यापासून दहा पावलांवर होतं. पण ‘देत नसतात’ हे शब्द माझ्या जिभेवर इतकी वर्षं बसलेले होते की कोणी प्रत मागितली की आपोआप बाहेर पडायचे. तुम्ही कधी सरकारी टेबलासमोर उभे राहिला असाल तर हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तेव्हा त्याच्या मनात काहीच नसतं.

मास्टरजींनी मान हलवली. आणि पुढच्याच महिन्यात पूनमला सणाला आणायचा परवानगीचा अर्ज घेऊन आले, दोन प्रतींत. ‘अहो, लागत नाही आता,’ असं मी म्हणालो. ते बोट ठेवून उभेच. वाद घालण्यापेक्षा शिक्का मारणं सोपं होतं. मी मारला. परवानगीही दिली. ज्या परवानगीची गरजच नव्हती ती मी त्यानंतर आणखी तीनदा दिली.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी चाकण भागात डेंग्यूची साथ होती. गणपतीचे दिवस. आमच्या खात्याचं गणपतीत काय होतं हे वेगळं सांगायला नको. सगळी टेबलं बंद, माणसं रस्त्यावर. मला नदीच्या घाटावर बंदोबस्त लागला होता. आवकचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात.

बंदोबस्ताच्या पहिल्या दिवशी दुपारी मास्टरजींचे चार मिस्ड कॉल दिसले. आला असेल अर्ज घेऊन, असं म्हणून मी फोन परत खिशात टाकला. ते ठाण्यात गेले होते. ठाणे अंमलदाराने सांगितलं, ‘ठेवा इथं कागद, साहेब आले की देतो.’ ह्यांनी पोच मागितली. तो म्हणाला, ‘शिक्का नाही राव माझ्याकडे, ठेवा तर खरं.’ त्यांनी ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मला शोधत घाटावर आले. ढोल चालू, लोकांचे लोंढे, गुलाल. त्या सगळ्यात पांढऱ्या शर्टातला हा वाळका माणूस प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून माझ्यासमोर उभा राहिला. ओरडूनच बोलावं लागत होतं.

‘साहेब, पूनमला डेंग्यू आहे. चाकणच्या दवाखान्यात आहे. जावई म्हणतात, पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलात हलवू या. तिचा अर्ज आणलाय.’

मी म्हणालो, ‘अहो मास्टरजी, आणा की तिला! अर्ज कसला करताय?’

‘तिची नागरिकत्वाची चौकशी आत्ताच पूर्ण झाली आहे, साहेब. फाइल वर गेली आहे. आता हद्द सोडली आणि कोणी नोंद केली, तर? एकदा झालं आहे असं.’

‘काही होत नाही. मी सांगतो ना.’

त्यांनी अर्ज पुढे धरला आणि खालच्या प्रतीवर बोट ठेवलं. मी सांगत होतो, पण तसंच त्या आधीच्या साहेबांनीही सांगितलं होतं. आणि मी काय केलं? मागून निरीक्षक हाक मारत होते, एक मंडळ रस्ता अडवून बसलं होतं, माझं डोकं तापलेलं. मी म्हणालो, ‘बरं, उद्या सकाळी नऊला ठाण्यात या. शिक्का देतो.’

किल्ली माझ्या खिशात होती. ठाणं घाटापासून मोटारसायकलने सात-आठ मिनिटांवर.

त्यांनी माझ्यासमोरच जावयाला फोन लावला. एका कानात बोट घालून ते ओरडत होते, ‘कल सुबह. हां, कल सुबह, कागज मिल जाएगा. डॉक्टर क्या बोलते हैं? ठीक है ना? तो फिर एक रात रुको.’ मग मला म्हणाले, ‘ताप उतरलाय म्हणतात.’ मलाही बरं वाटलं. डेंग्यूत ताप उतरला की धोका टळला असं तेव्हा मला वाटायचं. त्यांनाही तसंच वाटत होतं. खरा धोका कधीकधी तिथूनच सुरू होतो, हे मला नंतर एका डॉक्टरने सांगितलं.

सकाळी नऊला मी ठाण्यात पोहोचलो तेव्हा ते दारातच होते. मी ड्रॉवर उघडला, शिक्का मारला, परवानगीवर निरीक्षकांची सही घेऊन आलो. पाच मिनिटांचं काम. त्यांनी शाईवर फुंकर घातली आणि निघाले. मी खुर्चीत टेकतोय तोवर ते परत आले. मला वाटलं, तारीख चुकली असेल. ते टेबलाशी येऊन उभे राहिले. फोन हातात तसाच चालू होता, त्यातून कोणीतरी बाई रडत असल्याचा आवाज येत होता.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘आता तिला आणायचं नाही. आता मला जायचं आहे. त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल?’

मी त्यांना माझ्या मोटारसायकलवर बसवलं आणि चाकणला नेलं. नदीचा पूल आला तेव्हा त्यांनी माझा खांदा पकडला. मागे वळून बघण्याची माझी हिंमत झाली नाही. तिला घरी आणलेलं होतं. अंगणात इतकी गर्दी होती की ते कडेला भिंतीशी उभे राहिले, तिथूनच तिला पाहिलं आणि तिथूनच तिच्यामागे निघाले. त्यांना कोणी काही विचारलं नाही, कुठलाही कागद मागितला नाही.

तेराव्यानंतर मी त्यांच्या खोलीवर गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज सगळं बोलायचं. परिपत्रकाचं, झेरॉक्सचं, खिशातल्या किल्लीचं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसले. मी बोलायच्या आधी तेच बोलले.

‘साहेब, तुमचा काही दोष नाही. तुम्ही तर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. जावई आणत होते तिला. मी थांबवलं.’

हे खरं नव्हतं. निदान पूर्ण खरं नव्हतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक प्रत त्यांच्या पिशवीत असती तर त्यांनी कोणाला थांबवलं नसतं. हे मी म्हणायला हवं होतं. एक वाक्य होतं. त्याऐवजी मी म्हणालो, ‘होणारं कोणाला टळतं, मास्टरजी?’ त्यांनी मान हलवली. त्यांनी केलेला चहा मी प्यालो आणि उतरून खाली आलो. जिन्यात मला खूप हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर ते ठाण्यात यायचे बंद झाले. मुदत वाढवायची वेळ आली, तेव्हाही आले नाहीत. मीच फोन केला, तर म्हणाले, ‘येतो, साहेब.’ आले नाहीत.

आणि मग नागरिकत्वाच्या मंजुरीची दोन पत्रं आली. दोघांचे अर्ज एकाच दिवशी भरलेले, पत्रंही एकाच पाकिटात. पूनमच्या पत्रावर ‘अर्जदार मयत’ असा शेरा लिहून मला ते परत पाठवायचं होतं. तो शेरा मी माझ्या हाताने लिहिला. वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द, पण त्या दिवशी लिहिताना माझं पेन दोनदा थांबलं. मास्टरजींचं पत्र घेऊन मी काळेवाडीला गेलो.

वरच्या खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हातारा खाली ओट्यावर बसलेला. म्हणाला, ‘पंधरा दिस झालं. सामान काय न्हाईच नेलं. आमाला वाटलं, तुमच्याकडं सांगून गेलं असतील. तुमाला सांगितल्याबिगर तो मानूस दळन आनाया बी जात न्हवता.’

दुकानातही माहीत नव्हतं. मी चाकणला गेलो. जावई दुकानात भांडी पुसत होता. तो म्हणाला, ‘आले होते, पंधरवडा झाला. एकटेच, बसने. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, मला घर बघायचं आहे.’

जावयाने त्यांना घर दाखवलं. मुलगी द्यायच्या आधी बाप बघतो तसं त्यांनी ते बघितलं. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडून पाहिला, पाणी किती वेळ येतं विचारलं. खिडकी उघडली, उजेड कुठून येतो ते पाहिलं. तिचं कपाट कुठलं, ती झोपायची कुठे, दुपारी एकटी असायची का, सासूबाईंचा स्वभाव कसा, सगळं एकेक करून विचारलं. सासूबाई समोरच उभ्या होत्या, त्यांना रडू आवरेना. मग गच्चीवर गेले, कपडे वाळत घालायच्या दोरीला हात लावला आणि खाली आले.

जावयाला म्हणाले, ‘घर चांगलं आहे.’

आणि निघाले. कुठे, ते त्याने विचारलं नाही.